झाले आणि झाले आहे



वसंत व्याख्यानमालेत आपण धर्म, इतिहास, काव्य, राजकारण अशा थोर विषयांवर ऐकायला येता. मी मात्र इंग्रजीतला एक काळ घेऊन आपल्यापुढे उभा आहे. शाळेत आपण त्याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणत आलो. इंग्रजीत त्याचे नाव प्रेझेंट परफेक्ट. ऐन उकाड्यात लोकांना व्याकरण ऐकवणे हा अपराधच आहे. पण या काळापायी मी एकदा चांगला फसलो. ती हकीकत ऐकलीत तर माझा अपराध पोटात घालाल, अशी आशा आहे.

पुष्कळ वर्षांमागे मी येथल्याच एका पेढीवर कारकुनी करीत होतो. दहा वर्षे झाली होती. मुंबईतल्या एका जागेसाठी मी अर्ज केला आणि त्यात मोठ्या अभिमानाने लिहिले, 'आय वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स.' मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "ती नोकरी तुम्ही का सोडलीत?" मी म्हणालो, "सोडलेली नाही, साहेब." त्यांनी एकदा अर्जाकडे पाहिले आणि एकदा माझ्याकडे. दोहोंपैकी एक खोटे बोलतो आहे, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. जागा गेली. 'हॅव' हा एवढासा शब्द मी 'वर्क्ड'च्या आधी घातला असता, तर माझी दहा वर्षे त्या दिवसापर्यंत येऊन पोचली असती. तो न घातल्याने ती मागेच कोठेतरी संपून गेली.

मग प्रश्न असा की, आपली ही चूक होते कशाने? मराठीत असा काळच नाही म्हणून? तसे मुळीच नाही. 'पाहुणे आले' आणि 'पाहुणे आले आहेत' यांतला फरक आपल्या घरातले लहान मूलही जाणते. दुसरे वाक्य कानी पडताच आतून पाण्याचा तांब्या बाहेर येतो! दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. पुढे तर्खडकर याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे, ही ती रीत. रीत चांगली होती; तिने आपल्याला पुष्कळ दिले. पण तिच्यातून एक समजूत मनात घर करून बसली. मराठीत 'आहे' दिसले की इंग्रजीत 'हॅव' घालायचे आणि 'आहे' नसले की 'हॅव' गाळायचे, अशी ती समजूत. आपले पाय घसरतात ते येथेच.

माझे म्हणणे एवढेच आहे की, 'पूर्ण वर्तमानकाळ' या नावातल्या 'पूर्ण' शब्दाकडे आपण फार पाहतो आणि 'वर्तमान' शब्दाकडे मुळीच पाहत नाही. हा काळ झालेल्या गोष्टीविषयी बोलतो खरा, पण बोलतो तो आजच्या संबंधाने.

आपण भिवंडीकर, मागाचा खडखडाट ऐकतच आपण झोपतो आणि उठतो. तेव्हा उदाहरण मागाचेच घेऊ. विणून झालेले कापड पुढच्या रुळावर गुंडाळले जाते. ते विणून झालेले आहे, त्यात बदल होणे नाही. तरी त्याचे धागे मागच्या ताण्याशी अजून अखंड जोडलेले असतात. हा झाला पूर्ण वर्तमानकाळ. कात्री लागली, तागा उतरला, बाजारात गेला, की झाला साधा भूतकाळ. कापड तेच, वीण तीच. फरक फक्त धागा तुटला की नाही, एवढाच.

ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आपण मराठीत खुशाल म्हणतो, 'मी काल पत्र पाठवले आहे.' त्यात काही चूक नाही. इंग्रजीत मात्र 'आय हॅव सेंट द लेटर यस्टर्डे' चालत नाही. कारण 'काल' हा शब्दच कात्री आहे. दिवस, वार, साल यांचे नाव घेऊन घटना मागे ठेवलीत की धागा तुटला. तेथे 'आय सेंट' असेच म्हटले पाहिजे. 'या व्याख्यानमालेत यंदा चांगली भाषणे झाली आहेत' हे आज इंग्रजीत सांगताना 'हॅव' पाहिजे, कारण माला अजून चालू आहे. गेल्या वर्षीच्या भाषणांना 'हॅव' लागणार नाही.

उलट बाजूची चूक याहूनही अधिक आढळते. 'मी दहा वर्षांपासून येथे राहतो' हे मराठीत साध्या वर्तमानकाळात शोभते. आपल्या शेजारी उर्दू बोलणारे बांधवही 'दस साल से रहता हूँ' असेच म्हणतात. म्हणून आपण सगळेच इंग्रजीत 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' म्हणून मोकळे होतो. त्यात दोन चुका आहेत. मागे सुरू होऊन आजवर आलेल्या गोष्टीला इंग्रजी नुसता वर्तमानकाळ देत नाही. 'आय हॅव लिव्ह्ड' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग' म्हणावे लागते. दुसरे असे की, मराठीचे 'पासून' दोन्हीकडे चालते, इंग्रजीचे 'सिन्स' चालत नाही. धागा जेथून सुरू झाला ते ठिकाण सांगायचे तर 'सिन्स': सिन्स २०१५. त्या धाग्याची लांबी सांगायची तर 'फॉर': फॉर टेन इयर्स.

आणखी एक गंमत पाहा. 'तो कल्याणला गेला आहे' याला 'ही हॅज गॉन टु कल्याण', म्हणजे स्वारी अजून तिकडेच. 'तो कल्याणला जाऊन आला आहे' याला 'ही हॅज बीन टु कल्याण', म्हणजे स्वारी घरी हजर. येथे मराठीने आणि इंग्रजीने सारखाच विवेक दाखवला आहे; फक्त शब्द निराळे.

मुळात हा 'हॅव' आला कोठून? त्याचा मूळ अर्थ जवळ असणे. 'लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे' या धर्तीच्या वाक्यातून शेकडो वर्षांत 'मी पत्र लिहिले आहे' असा अर्थ निघाला. तेव्हा व्याकरण काहीही म्हणो, हातात आज काय आहे, हे सांगण्यासाठीच हा काळ जन्मला.

म्हणूनच माणूस गेल्यावर त्याच्यासाठी हा काळ सहसा वापरत नाहीत. जिवंत लेखकाबद्दल 'ही हॅज रिटन मेनी बुक्स' म्हणतात. आणखी एखादे पुस्तक तो लिहील, ही आशा त्या 'हॅज'मध्ये असते. तो निवर्तला की 'ही रोट'. वडिलांच्या निधनाचे पत्र परदेशी असलेल्या आप्ताला इंग्रजीत लिहिताना मी 'माय फादर हॅज' एवढे लिहिले आणि थांबलो. तो एक शब्द खोडताना जे वाटले, ते मी येथे सांगत नाही. पण व्याकरण म्हणजे कोरडा विषय, असे त्यानंतर मला कधी वाटले नाही.

आता शिकणाऱ्यांसाठी दोन शब्द. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, तरी मोठमोठी मुले येथे अडखळताना मी पाहतो. 'गो, वेंट, गॉन' ही रूपे तोंडपाठ करावीच लागतात. त्याला उपाय नाही. पण त्याबरोबर रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचा. पुष्कळदा पहिल्या वाक्यात 'हॅज' असते, कारण बातमी ताजी असते. पुढे वार आणि वेळ आली की तीच बातमी भूतकाळात उतरते. कात्री नेमकी कोठे लागली, तेवढे शोधा. अमेरिकेत बोलताना लोक पुष्कळदा 'हॅव' गाळतात, हेही खरे. पण जे आधी अंगी बाणले आहे तेच गाळण्यात शोभा असते. आणि चुकायला भिऊ नका. मी एका 'हॅव'पायी नोकरी घालवली. तुम्ही फार तर एखादा गुण घालवाल.

इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी 'येथे आहे लावू की नको' असे मराठीला विचारू नका. स्वतःला विचारा, धागा अजून जोडलेला आहे का? उत्तर मिळाले की काळ आपोआप सापडेल.

आपण मला शांतपणे ऐकून घेतलेत. याचे इंग्रजी भूतकाळात करायचे की पूर्ण वर्तमानकाळात, ते घरी जाता जाता आपणच ठरवा.