उक्तं की रोजंदारी?

आपापली शेड आज पोरांच्या भरवशावर सोडून इथे आलेल्या माझ्या कारखानदार मित्रांनो,

या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव पुढे आलं तेव्हा मी संयोजकांना म्हणालो होतो, मला टर्निंग येतं, भाषण येत नाही. त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा पुढची पंधरा-वीस मिनिटं जे काही वेडंवाकडं होईल, ते त्यांच्या नावावर जमा करावं.

यंदाचा विषय आहे अवकाश क्षेत्रातली सरकारी आणि खासगी भागीदारी. मी या विषयाकडे लेथच्या उंचीवरूनच पाहणार, कारण तीस वर्षं मी तिथेच उभा आहे.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या रिंगा आल्या. काम एका मोठ्या कारखान्याचं. त्या पुढे रॉकेटवाल्यांकडे जाणार, एवढंच आम्हाला माहीत. बोअर, ओडी, दोन खाचा आणि वीस मायक्रॉनची टॉलरन्स. पोरांनी जीव ओतला. इन्स्पेक्शनला आलेल्या गृहस्थांनी रिंग हातात घेतली, उजेडाकडे धरली, भिंगातून कडेकडेने फिरवली आणि विचारलं, ‘‘हीट नंबर कुठंय?’’ कडेवर ठोकलेला तो मटेरियलच्या बॅचचा नंबर आमच्या लेथवाल्याने शेवटच्या कटात घालवला होता. रिंग छान दिसावी म्हणून! माप बरोबर होतं, मटेरियलचं सर्टिफिकेट फायलीत होतं. पण ही रिंग त्याच सर्टिफिकेटातली, हे सांगणार कोण? अकराच्या अकरा रिंगा भंगारात गेल्या. पैसे आमचे बुडाले. त्या गृहस्थांचं बरोबर होतं, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

दुसरा प्रसंग त्यानंतरचा, पार्टीही दुसरी. निम्मे जॉब झाल्यावर ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन आलं आणि झालेला माल बाद ठरला. चूक त्यांच्या डिझाइनवाल्यांची. भुर्दंड पुन्हा आम्हालाच. बिलासाठी नऊ महिने खेटे घातले ते वेगळेच.

एक नुकसान आमच्या चुकीचं, दुसरं त्यांच्या, आणि दोन्ही आमच्याच डोक्यावर. भागीदारी हा शब्द ऐकला की मला आधी हेच आठवतं. फायद्याची वाटणी तोंडी ठरली तरी चालते. नुकसानीची आधी लिहून ठेवलेली नसेल, तर ती भागीदारी नव्हे, जॉबवर्क आहे.

आणि जॉबवर्क आपण भरपूर केलं आहे. मी ते हिणवत नाही. साखर कारखान्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने रॉकेटची मोटर केसिंग बनवली. विक्रोळीत गोदरेजने विकास इंजिनं केली, क्रायोजेनिक इंजिनाची कामं केली. एलअँडटीने भल्यामोठ्या बूस्टरची केसिंग केली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या शेडमध्ये पेढे वाटले गेले, मला माहीत आहे. पण ड्रॉइंग इस्रोचं, मालकी इस्रोची, रॉकेट पडलं तर तोटाही इस्रोचा. आपण सांगितलेलं माप काढून देणार.

घर बांधलेल्या प्रत्येकाला दोन शब्द ठाऊक असतात : रोजंदारी आणि उक्तं. रोजंदारीवर गवंडी लावला तर भिंत कधी संपेल ते देवालाच ठाऊक. उक्तं दिलं तर भिंत लवकर उठते, पण सिमेंट किती पडतंय ते बघायला मालकाला उन्हात उभं राहावं लागतं. अमेरिकेच्या नासाने कित्येक दशकं रोजंदारीच चालवली. कंत्राटदाराचा जो खर्च होईल तो द्यायचा, वर नफा. २००६ मध्ये त्यांनी अवकाश स्थानकावर सामान पोचवण्याचं काम उक्त्यासारखं देऊन पाहिलं. टप्पा गाठला तर पैसे, नाही तर नाहीत. रॉकेटप्लेन किस्टलर ही कंपनी स्वतःच्या वाट्याचं भांडवल उभं करू शकली नाही, तेव्हा २००७ मध्ये नासाने तिचा करार रद्द केला. स्पेसएक्सची पहिली तीन रॉकेटं वाया गेली, चौथं सप्टेंबर २००८ मध्ये कक्षेत पोचलं. त्याच डिसेंबरात नासाने त्यांना बारा खेपांचं १.६ अब्ज डॉलरचं काम दिलं. लोक एकट्या मालकाच्या जिद्दीच्या गोष्टी सांगतात. माझ्या मते त्या गोष्टीतलं मोठं पात्र ते गिऱ्हाईक आहे. तीनदा पडलेल्या पोराला ऑर्डर देणारं गिऱ्हाईक आपल्याकडे मला दाखवा.

उक्त्याची दुसरी बाजूही बघा. माणसं नेण्याचं काम नासाने २०१४ मध्ये दोघांना दिलं : बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६. जुनं, नावाजलेलं घराणं कोणतं, हे सांगायला नको. डिसेंबर २०१९ मध्ये बोइंगचं स्टारलायनर माणसांविना उडालं, तर त्याचं घड्याळच अकरा तास चुकीचं निघालं आणि यान स्थानकापर्यंत पोचलंच नाही. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्यातून गेले. जायचे होते आठेक दिवसांसाठी, राहिले २८६ दिवस, आणि मार्च २०२५ मध्ये परतले स्पेसएक्सच्या यानातून. बोइंगचा या कामातला तोटा दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. तो सोसला बोइंगने, कारण रक्कम आधी ठरलेली होती. आणि माणसं सुखरूप आली, कारण काम दोघांना दिलेलं होतं. एकालाच दिलं असतं तर? उक्तं काम देताना दुसरा गवंडी हाताशी ठेवायचा असतो. खर्च वाढतो, पण तोच खरा विमा.

आता आपल्या अंगणात या. २०१९ मध्ये न्यू स्पेस इंडिया ही सरकारी कंपनी, २०२० मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस, २०२३ मध्ये अवकाश धोरण. बोर्ड पटापट लागले. कामंही झाली, ती नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. १८ नोव्हेंबर २०२२ ला स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर वर गेलं. ३० मे २०२४ ला अग्निकुल या दुसऱ्या खासगी कंपनीने तिथेच, स्वतःच्या तळावरून, थ्रीडी छपाईने एकसंध बनवलेलं इंजिन उडवलं. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा पूर्वी काम संपलं की कचरा होऊन फिरत राहायचा. आता इस्रो त्यालाच पोएम नावाने भाड्याची खोली करून देते. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात त्या खोलीत २४ उपकरणं होती, त्यातली दहा इस्रोबाहेरची. कॉलेजच्या पोरांना अवकाशात चालणारं उपकरण म्हणजे काय ते यातून कळतं. ही कल्पना मला फार आवडते. काटकसर आपल्या रक्तात आहे, ती इथे कामी आली.

पण मोठ्या व्यवहाराकडे या. हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि एलअँडटी यांना पाच पीएसएलव्ही बांधायचं सुमारे ८६० कोटींचं काम २०२२ मध्ये मिळालं. छोट्या एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान २०२५ मध्ये ५११ कोटींची बोली लावून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने घेतलं. त्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सची बहुतांश मालकी सरकारचीच, हे जाता जाता. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात दाब घसरून बुडालं. तो तोटा इस्रोच्या पोटात गेला. उद्या बाहेर बांधलेलं रॉकेट असं पडलं आणि चौकशीचा धागा येत येत भोसरीच्या एखाद्या शेडमधल्या रिंगेपाशी थांबला, तर? ती शेड एका दिवसात बसेल. मोठ्यांचे वकील असतात. आपल्याकडे असतो फक्त जीएसटी भरणारा मुलगा.

रॉकेट समुद्रात पडलं तर निदान आपसात भांडता येईल. दुसऱ्याच्या अंगणात पडलं तर? जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या बर्फात कोसळला, पोटात अणुभट्टी घेऊन. कॅनडाने साठ लाख कॅनेडियन डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. पैसे देशाने दिले. १९६७ च्या अवकाश करारात हेच लिहिलं आहे : खासगी कंपनीने काही केलं तरी जगापुढे जबाबदार तिचा देश. देशाने मग घरात ती वसुली कोणाकडून आणि किती करायची, विमा किती रकमेचा असायचा, हे ठरवायला कायदा लागतो. आपल्याकडे २०१७ मध्ये मसुदा निघाला. धोरण झालं, कायदा मात्र अजून झालेला नाही. धोरण हे लग्नपत्रिकेसारखं असतं, मित्रांनो. कोर्टात रजिस्टरची नक्कल मागतात.

उद्या दुपारच्या सत्रात ठराव क्रमांक तीन येतो आहे. अवकाश कायदा लवकर करावा, नुकसानभरपाईला कंपनीच्या आकारानुसार कमाल मर्यादा असावी, आणि ड्रॉइंग देणाऱ्याच्या चुकीचा भुर्दंड ड्रॉइंग देणाऱ्यानेच सोसावा, अशी त्यात मागणी आहे. ४५ दिवसांत पेमेंटचा कायदा २००६ पासून आहेच, तो आधी पाळा, असं एक वाक्य मी स्वतः घालायला लावलं आहे. मसुदा तुमच्या पिशवीत, जेवणाच्या कुपनामागे आहे. आज रात्री तो वाचा, आपल्याच जुन्या परचेस ऑर्डरींवर काय काय छापलंय ते आठवा, आणि हात वर करायचा असेल तर वाचूनच करा. ज्यांना तो पटणार नाही त्यांनी उद्या उठून बोलावं, त्यांना पहिला वेळ मी देईन.