सांडवा आणि आपली गावं

(शताब्दी सोहळ्यात दिंडीतर्फे झालेलं भाषण)



शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं किती नद्या ओलांडल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा या तर घरच्याच. पण नदीची दोन्ही रूपं आपण पाहतो ती पंढरपुरात. एखाद्या आषाढीला चंद्रभागेत नुसती वाळू, तर एखाद्या वर्षी पुंडलिकाच्या देवळाला पाण्याचा वेढा. तिथं पाऊस नसतानाही पाणी चढतं, ते येतं कुठून? वर भीमेवर उजनी आहे, नीरेवर वीर. नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, अन् दोन्ही धरणांनी सोडलेलं पाणी मिळून वाळवंटात उतरतं. एकट्या उजनीच्या सांडव्याला ४१ दरवाजे आहेत. म्हणून घाटावर भोंगा वाजला की वर यावं. स्नान राह्यलं म्हणून अडून बसू नये.

आता वऱ्हाडात या. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा, दरवाजे १३. त्याच नदीच्या काठी खाली कौंडण्यपूर, रुक्मिणीमातेचं माहेर. अकोला शहराला पाणी पाजणारं काटेपूर्णा धरण महानला. दरवाजे उघडले की खालच्या गावात एकच बोल निघतो, "पाणी कायले सोडलं बाप्पा?"

राग समजतो. हाताशी आलेला मूग पाण्याखाली गेल्यावर कोण शांत राहील? पण वर्धा माय कोपली तर काय होतं, हे वरुडकडच्या माउलींना विचारा. ३० जुलै १९९१ ला पलीकडच्या मोवाडमध्ये पुरानं २०४ माणसं नेली. अशा पुरात धरणच फुटलं तर? मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की माती धुपते, भगदाड पडतं, अन् साठलेलं सारं पाणी एका दमात खाली येतं. गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू नदीवर ११ ऑगस्ट १९७९ ला हेच झालं. पूर सांडव्याला पेलवला नाही, पाणी मातीच्या भिंतीवरून गेलं, अन् मोरबी शहर बुडालं. सांडवा असतो तो ही वेळ येऊ नये म्हणून. तो आधी धरण वाचवतो, म्हणून खालचं गाव वाचतं. नदीकाठचं वावर कोरडं राहील, असा शब्द त्यानं कधी दिलेला नाही.

मग मागायचं ते हे, की पावसाळ्यात धरण काठोकाठ भरून ठेवू नका, थोडं थोडं आधीपासून सोडा, आणि सोडण्याआधी दवंडी पोचू द्या. हजार क्युसेक ऐकून कोणाला अंदाज येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. हजार म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर!

मोठ्या धरणाच्या दरवाजाला आपला हात पोचत नाही. गावतलावाला पोचतो. त्याच्या सांडव्याला दरवाजा नसतो, तळं भरलं की पाणी आपोआप बाजूनं निघून जातं. अन् तिथंच आपली माणसं जास्तीच्या पाण्याच्या आशेनं रेतीच्या गोण्या रचतात. कोणी सांडव्याच्या नालीत तूर पेरतं, उरलेल्या जागेत बेशरम माजते. हातभर पाणी जास्त अडलं म्हणून खूश व्हायचं, आणि भिंतीवरून पाणी जायला तेवढीच जागा कमी! पाणी जपणारा म्हणून त्या गोणीवाल्याचं कौतुक होताना आम्ही ऐकतो, तेव्हा जीव दचकतो.

यात दिंडीचा संबंध असा, की जेष्ठात आपण निघतो अन् पाऊस मागं, गावावर पडतो. धडधाकट माणसं वाटेवर, घरी म्हातारी अन् लेकरं. रात्री तळं भरलं तर गोण्या कोण काढणार?

म्हणून विणेकरी आणि चोपदारांशी बोलून ठरलं आहे. यंदापासून वैशाख वद्य एकादशीला सकाळच्या भजनानंतर सगळ्यांनी तळ्यावर जायचं. गोण्या काढायच्या, बेशरम मुळासकट उपटायची. सांडव्याची भिंत फोडायची नाही, खोलही करायची नाही. भेग, घूस लागलेली जागा किंवा पाझर दिसला तर ग्रामपंचायतीत लेखी द्यायचं अन् पोच घ्यायची. तूरवाल्या भाऊंशी बोलायला बुवा स्वतः जातील. कुदळ, फावडं, टोपलं ज्यानं त्यानं घरून आणावं. फराळाची भगर अन् शेंगदाण्याची आमटी तळ्यावरच होईल.