मैदानाची वही



मघाशी या स्नेहसंमेलनात शाळेच्या क्रीडा विभागाची बक्षिसं वाचली गेली, तेव्हा तुम्ही मंडप डोक्यावर घेतलात. मी शेजारच्या सरांकडून ती यादी मागून घेतली आणि वाचली. वैयक्तिक प्रकारात नाव, वर्ग, क्रमांक सगळं आहे. सांघिक खेळात मात्र कर्णधाराचं नाव आहे आणि पुढं 'व संघ' एवढंच. यात शाळेचा दोष नाही. ही पद्धत सगळीकडंच आहे. पण खो-खोच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात जी मुलगी कुणाच्या हाती लागली नाही, तिचं नाव पाच वर्षांनी कुणाला शोधायचं झालं तर ते कुठं सापडेल? आज मला एवढ्यावरच बोलायचं आहे, आणि त्यासाठी एका पत्रकाराची आठवण काढायची आहे.

त्यांचं नाव वि. वि. करमरकर. विष्णू विश्वनाथ करमरकर, नाशिकचे. १९६२ साली जून महिन्यात मुंबईत 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला आणि त्याच्या खेळाच्या पानाची जबाबदारी या तरुणाकडं आली. त्या काळी मराठी दैनिकात खेळाला जागा मिळायची ती उरलीसुरली. कसोटी सामना असला तर थोडी जास्त. करमरकरांनी खेळासाठी रोजचं स्वतंत्र पान रुजवलं, आणि त्या पानावर क्रिकेटच्या बरोबरीनं कबड्डी बसवली, खो-खो बसवला, कुस्ती, मल्लखांब, बॅडमिंटन बसवलं. आज तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही, कारण आता प्रत्येक मराठी पेपरात खेळाचं पान असतं. पण पहिल्यांदा ते कुणालातरी अडून बसून मिळवावं लागतं.

त्या पानानं काय केलं असेल, याचा विचार करा. लालबाग-परळच्या गिरणगावात संध्याकाळनंतर दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने व्हायचे. खेळणारी पोरं गिरणीतली, बंदरावरची, चाळीच्या एका खोलीत राहणारी. रात्री चढाई करून आलेला पोरगा सकाळी पाळीला जायचा. त्याच्या खेळाबद्दल जाणत्या माणसानं लिहिलेलं छापून येतंय, त्यात त्याची पकड चुकली असेल तर तेही लिहिलंय, याचं मोल त्याला काय वाटत असेल! करमरकर आकाशवाणीवर क्रिकेटचं मराठी समालोचनही करत. पण मला ते मोठे वाटतात ते देशी खेळाकडं तेवढ्याच गांभीर्यानं पाहिलं म्हणून. संघटनांमधल्या पदाधिकाऱ्यांना ते खडे बोल सुनावायचे, खेळाडूंच्या बाजूनं. ६ मार्च २०२३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ८४ होतं.

मुलांनो, पेपरात नाव येणं ही गोष्ट लहान खेळाडूला किती मोठी वाटते, याचा एक दाखला देतो. सचिन तेंडुलकरनं स्वतःच आपल्या आत्मचरित्रात तो लिहून ठेवला आहे. तो शाळेकडून खेळायला लागला तेव्हा मुंबईच्या पेपरांत शालेय सामन्यांचे निकाल छापून यायचे, आणि नाव यायचं ते तीस किंवा त्याहून जास्त धावा करणाऱ्याचं. सचिनच्या झाल्या चोवीस. धावा मांडणारा म्हणाला, अवांतर धावांतल्या सहा तुझ्या नावावर टाकतो, संघाच्या बेरजेला काही धक्का लागत नाही. सचिनला पेपरात नाव हवं होतं. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी नाव छापून आलं. आणि त्याचे प्रशिक्षक आचरेकर सरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. ज्या धावा तू काढल्या नाहीस त्या तुझ्या नावावर कशा? पुन्हा असं करणार नाही, हे त्यानं कबूल केलं.

मला या प्रसंगात तीन माणसं महत्त्वाची वाटतात. एक सचिन, ज्यानं जगभर नाव झाल्यावरही ही गोष्ट लपवली नाही. दुसरे आचरेकर सर, ज्यांना शिष्याच्या धावांपेक्षा वहीतला आकडा खरा असणं मोठं वाटलं. आणि तिसरा, ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, तो पेपरातला माणूस. रोज संध्याकाळी आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथल्या शाळकरी सामन्यांचे निकाल गोळा करून तो बारीक टायपात छापत होता. त्यानं ते छापलं नसतं तर मुंबईच्या शाळकरी पोरांना तीस धावांची ती आस लागलीच नसती. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. एका शाळेच्या सामन्याचे हे आकडे आज ३५ हून अधिक वर्षांनंतरही मी तुम्हाला न अडखळता सांगू शकतो, कारण ते त्या वेळी लिहिले गेले.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेनं एका आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा मुलगा. तेव्हा सगळ्या जगानं सांगितलं की ११६ वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. कुठला विक्रम? इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेज नावाच्या शाळेत १८९९ साली ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या १३ वर्षांच्या मुलानं नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. हा मुलगा जन्मानं आपल्या हजारीबागचा, आई-वडिलांना लहानपणीच पारखा झालेला, आणि पुढं १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. सामना साधा होता, एकाच शाळेतल्या दोन हाउसच्या धाकट्या संघांमधला. आपल्याकडं वर्गावर्गांत होतात तसा. पण तिथं कुणीतरी वही घेऊन बसलं होतं. त्या वहीमुळं कल्याणच्या पोराला कळलं की आपण किती मोठं काम केलं. प्रणवला पुढं त्या प्रसिद्धीचं ओझं जड गेलं, हेही खरं आहे. लहान मुलांबद्दल लिहिणाऱ्यानं हेही सांभाळलं पाहिजे. एका डावावरून पोराला देव करू नये आणि पुढच्या अपयशावरून त्याला खाली ओढू नये. खेळ लिहावा, भविष्य लिहू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडं येतो. बीड म्हटलं की दुष्काळ, ऊसतोड आणि अलीकडं नको त्या बातम्या, असंच बाहेर बोललं जातं. मी बाहेर गेलो की दुसरी यादी सांगतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळेला जायला वाहन नाही म्हणून सहा-सहा किलोमीटर चालत-पळत जाणारा मुलगा. सैन्यात गेला, तीन हजार मीटर स्टीपलचेस धावायला लागला, २०१८ मध्ये गोपाळ सैनींचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम त्यानं मोडला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. पाटोद्याचा राहुल आवारे, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. बीड शहरातला सचिन धस, १९ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा, आणि त्याही भारताचे ४ गडी ३२ धावांत गेल्यावर. आणि मुलींनो, तुमच्या अगदी जवळची प्रियांका इंगळे. मूळ गाव केज तालुक्यातलं, म्हणजे आपल्या याच मांजरसुंबा-केज रस्त्यानं पुढं गेल्यावरचं. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला महिला विश्वचषक भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवून जिंकला, तेव्हा कर्णधार ती होती.

या चौघांची नावं आपल्याला कधी कळली? आपल्यापैकी बहुतेकांना पदक मिळाल्यावर. अविनाशच्या सहा किलोमीटरची गोष्ट आपण पदकानंतर ऐकली. पण अविनाश शाळेत असताना त्याच्याबरोबर धावणारी मुलंही होती. कुणी दुसरा आला असेल, कुणी चौथा. त्यांची नावं? खेळाच्या इतिहासात फक्त सर्वात उंच पोचलेले उरले, तर खालची सगळी चढण दिसेनाशी होते, आणि नव्या मुलाला वाटतं की हे लोक आभाळातून पडले.

ही चढण लिहून ठेवणारी माणसं आपल्या भागात होती आणि आहेत. मी तालुक्याच्या वार्ताहरांबद्दल बोलतोय. मोबाइल नव्हते तेव्हा हा माणूस तालुका क्रीडा स्पर्धेचा निकाल फुलस्केप कागदावर लिहायचा, पाकिटात घालायचा आणि जिल्ह्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा. गाडी चुकली की बातमी शिळी. मग फॅक्स आला, आता व्हॉट्सअ‍ॅप. मानधन म्हणावं तर नावापुरतं. बहुतेकांचं पोट शेतीवर, दुकानावर किंवा शिकवणीवर. राजकीय बातमीला चौकट मिळते, जाहिरात मिळते. शाळेच्या कबड्डीच्या बातमीला कुणी जाहिरात देत नाही. तरी १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांचे निकाल, तालुक्याचे, जिल्ह्याचे, विभागाचे, ही माणसं पाठवत राहिली. त्यांच्यापैकी कुणी आज इथं बसलं असेल तर मी त्यांना इथून हात जोडतो.

पेपरात छापलेल्या निकालाच्या त्या चार ओळींचा उपयोग फक्त कौतुकापुरता नाही. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. आणि याच राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही उघड झाली आहेत. न खेळलेल्या माणसानं कागद मिळवला की उन्हात खेळलेल्या पोराची जागा जाते. अशा वेळी त्या तारखेचं पेपरातलं कात्रण, त्यात छापलेली सगळ्या खेळाडूंची नावं, हा पुरावा असतो. प्रमाणपत्र मागाहून बनवता येतं, त्या दिवसाचा छापलेला अंक मागाहून बनवता येत नाही. म्हणून मी म्हणतो की 'व संघ' लिहून भागत नाही.

आणखी एक. डिसेंबर-जानेवारीत आपलं स्नेहसंमेलन होतं आणि याच दिवसांत आपल्या कितीतरी मुलांचे आई-बाप ऊस तोडायला कारखान्याच्या फडावर असतात. आज बक्षीस घेतलेल्या काही मुलांचं कुणीच या मंडपात नाही, आजी असेल तर असेल. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधणाऱ्या आईला आपल्या लेकीनं कबड्डीत काय केलं, हे कोण सांगणार? तिच्या फडावरच्या कोपीपर्यंत बातमीचा फोटो मोबाइलवर गेला आणि त्यात लेकीचं नाव नीट, शुद्ध लिहिलेलं असलं, तर ती चार बायकांना तो दाखवेल. मी पेपरात काम केलं आहे आणि मला खात्रीनं वाटतं की आमच्या धंद्यात याहून मोठं काम फार थोडं आहे.

आता तुम्हाला काय करता येईल ते सांगतो. पेपरवाल्यांची वाट पाहू नका. शाळेत एक जाडजूड रजिस्टर घ्या आणि त्याला मैदानाची वही म्हणा. नववीतले दोन विद्यार्थी, त्यात एक मुलगी, यांच्याकडं वर्षभरासाठी ती द्या. प्रत्येक सामन्याची तारीख, मैदान, समोरचा संघ, दोन्ही बाजूंचे गुण आणि आपल्या संघातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, राखीव खेळाडूंसकट. हरलेला सामना तेवढ्याच नीटपणे लिहायचा, किंबहुना जरा जास्तच, कारण जिंकलेला सगळ्यांच्या लक्षात राहतो. समोरच्या संघातलं कुणी चांगलं खेळलं तर त्याचंही नाव विचारून घ्यायचं. धावण्याची वेळ घड्याळात जी आली तीच. उडी जेवढी टेपवर भरली तेवढीच. कुणी म्हणालं, सहा वाढव, काय बिघडतं, तर आचरेकर सर आठवायचे. महिन्यातून एकदा त्यातला मजकूर फळ्यावर किंवा भित्तिपत्रकावर लावायचा आणि वार्ताहर काकांना त्याचा फोटो पाठवायचा. ज्याला पळता येत नाही पण लिहिता येतं, त्यालाही यातून मैदानावर जागा मिळेल. उद्याचा क्रीडा पत्रकार त्याच्यातूनच होईल.

मुख्याध्यापक सरांना माझी एक विनंती आहे. पहिलं रजिस्टर माझ्याकडून घ्या. आणि पहिल्या पानावर यंदाच्या खो-खो संघातल्या सगळ्या मुलींची नावं, वडिलांच्या आणि आईच्याही नावासकट, आज घरी जाण्याआधी लिहून घ्या. मुली अजून इथंच बसल्या आहेत.