यंत्रयुगातील ग्राहक : हक्क आणि सावधगिरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी यंत्रविद्येचा पंडित नव्हे. मॅट्रिक उत्तीर्ण होऊन मी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि मुलांना अंकगणित व शुद्धलेखन शिकविण्यात आयुष्य वेचले. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. मोबाइल, इंटरनेट आणि घरबसल्या होणारी पैशांची देवघेव या आता हौसेच्या गोष्टी राहिलेल्या नाहीत. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, रेल्वेचे तिकीट, इतकेच काय, निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखलासुद्धा आता या मार्गाने देता येतो. जे साधन संसारात इतके खोल शिरले आहे, त्याच्या गुणदोषांचा विचार प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने केलाच पाहिजे.

पूर्वी आपण पेठेतील दुकानातून डाळ आणीत असू. डाळीत खडे निघाले, तर पिशवी घेऊन त्याच दुकानी परत जाता येई. दुकानदार समोर बसलेला असे, त्याला आपले नाव ठाऊक असे, आणि चार गिऱ्हाइकांदेखत वाद नको म्हणून तो डाळ बदलून देई. आजचा व्यवहार तसा नाही. पैसे घेणारा दिसत नाही. दूरध्वनी करावा, तर ठराविक आवाज ‘एक दाबा, दोन दाबा’ असे सांगत राहतो. समोर माणूसच नसल्यामुळे भांडावे कोणाशी, हे कळत नाही, आणि मग शंभर-दोनशे रुपयांसाठी कोण डोके शिणविणार, असे म्हणून आपण गप्प बसतो. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, समोरचा माणूस नाहीसा झाला असला तरी दाद मागण्याची जागा नाहीशी झालेली नाही. कायद्याने ती राखून ठेवली आहे. मात्र तेथे जाताना हाती लेखी नोंद असावी लागते.

प्रथम एक साधे गणित पाहू. मोबाइलचे पुष्कळसे रिचार्ज २८ दिवसांचे असतात. आपण त्याला ‘महिन्याचा रिचार्ज’ म्हणतो. परंतु २८ दिवसांचे बारा भाग म्हणजे ३३६ दिवस होतात. वर्ष पुरे करण्यास तेरावा रिचार्ज करावा लागतो. समजा, एक रिचार्ज ३०० रुपयांचा आहे. तर वर्षाचा खर्च ३,६०० नसून ३,९०० रुपये होतो. घरात चार मोबाइल असतील, तर हा फरक १,२०० रुपयांवर जातो. अशा तक्रारी आल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण ‘ट्राय’ म्हणतो त्या संस्थेने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची, आणि निदान एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी ठेवावी, असे त्यात ठरविण्यात आले. तसेच, ज्या वृद्ध मंडळींना फक्त बोलण्यापुरताच मोबाइल हवा असतो, त्यांच्या माथी इंटरनेटचा खर्च मारला जाऊ नये, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने केवळ संभाषण व संदेश यांपुरत्या योजना ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. या योजना जाहिरातीत ठळक दिसत नाहीत; त्या आपण होऊन मागाव्या लागतात. सबब, रिचार्ज करण्यापूर्वी किमतीबरोबर दिवसही मोजावेत, ही माझी पहिली विनंती.

दुसरी गोष्ट इंटरनेटच्या वेगाची. योजनेवर ‘१०० एमबीपीएस’ असे लिहिलेले असते आणि घरी मात्र चित्रफीत अडखळत चालते. येथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. वेग ‘मेगाबिट’मध्ये मोजतात आणि फाइलचा आकार ‘मेगाबाइट’मध्ये, आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हा १०० चा वेग पूर्ण मिळाला, तरी एका सेकंदात साडेबारा मेगाबाइटच उतरतात. ही फसवणूक नव्हे, मापातील भेद आहे. शेर आणि किलो यांतील फरक न जाणता तक्रार केली, तर आपलेच बोलणे लटके पडते. दुसरे असे की, वायफायच्या लहरी भिंतीतून जाताना क्षीण होतात आणि धातूपुढे तर त्यांचे फारसे चालत नाही. पुष्कळ घरी राउटर लोखंडी कपाटामागे किंवा दूरदर्शन संचाच्या पाठीशी दडवून ठेवलेला मी पाहिला आहे. तो घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. शक्य असल्यास राउटरला तारेने संगणक जोडून वेग मोजावा. तारेवरही वेग कमी भरला, तर मग दोष घरातील वायफायचा नसून जोडणीचा असण्याचा संभव फार. आणि तेव्हा तक्रार ठामपणे करावी.

अशा एका तक्रारीचा माझा अनुभव सांगतो. एका पावसाळ्यात आमच्या घरची इंटरनेट सेवा नऊ दिवस बंद होती. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ राउटरवरील तांबडा दिवा मात्र तसाच जळत होता! मी पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, वेळ, तक्रार क्रमांक आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवले होते. कंपनीच्या तक्रार केंद्रावर भागले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते, अशी व्यवस्था २०१२ च्या विनियमांनी केलेली आहे. मी वहीतील नऊ ओळी जशाच्या तशा लिहून ते अपील केले. आवाज चढवावा लागला नाही. पुढील बिलात नऊ दिवसांचे पैसे वजा होऊन आले. रक्कम अल्प होती; परंतु तारीखवार लिहिलेल्या नोंदीपुढे ‘निवारण झाले’ हा संदेश टिकू शकला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. कंपनीला कंटाळलो, तर नंबर तोच ठेवून दुसरीकडे जाण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. ‘पोर्ट’ असे लिहून, जागा सोडून, पुढे आपला नंबर लिहावा व तो संदेश १९०० वर पाठवावा. तत्पूर्वी मागील बिल चुकते केलेले असावे.

आता घरबसल्या खरेदीकडे वळू. ‘फक्त दोनच नग शिल्लक’, ‘दहा मिनिटांत सवलत संपणार’ असे बजावून घाई करविणे. आपण न मागितलेला विमा किंवा देणगी हळूच बिलात घालणे. प्रथम कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर निरनिराळे आकार चढविणे. वर्गणी घेताना एक कळ पुरावी आणि ती बंद करताना मात्र दहा दारे हिंडावी लागावीत, अशी रचना करणे. या युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे. पैसे देण्यापूर्वी बिलाची प्रत्येक ओळ वाचावी, आणि न मागितलेली वस्तू दिसल्यास पडद्याचे छायाचित्र, ज्याला मुले ‘स्क्रीनशॉट’ म्हणतात, ते घेऊन ठेवावे. ‘एक महिना मोफत’ असे वाचले की, दुसऱ्या महिन्यापासून पैसे कापण्याची अनुमती आपण देत आहोत काय, हे पाहावे आणि मुदत संपण्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावी.

बंधुभगिनींनो, आता अधिक गंभीर भागाकडे येतो. यूपीआयने पैसे पाठविताना आपल्या खात्यातून रक्कम जाते आणि समोरच्यास मिळत नाही, असा प्रसंग अनेकांवर येतो. तेव्हा घाबरून पुन्हा पैसे पाठवू नयेत. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा व्यवहारांस मुदत घालून दिली : व्यक्तीस पाठविलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदारास दिलेली पाच दिवसांपर्यंत आपोआप परत यावी, विलंब झाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी. येथेही व्यवहार क्रमांक टिपून ठेवलेला असावा.

परंतु जेथे ठकच गाठ घालतो, तेथे काय? तीन नियम मुलांना पाढे शिकवितो तसे पाठ करवावेत. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. कंपनीचा किंवा बँकेचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, तो बिलावर, पासबुकावर अथवा कार्डाच्या मागे पाहावा. कारण ठकांनी खोटे क्रमांक पेरून ठेवलेले असतात. आणि तिसरा नियम असा की, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. पोलीस, न्यायालय किंवा आयकर खाते मोबाइलवर चेहरा दाखवून कोणास अटक करीत नाही व पैसे मागत नाही.

इतके करूनही कोणी फसला, तर त्याने १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा आणि बँकेस कळवावे. ठकाने पैसे काढून घेण्यापूर्वी ते वाटेत अडविता यावेत, यासाठी हा क्रमांक आहे. म्हणून येथे दिवसांपेक्षा मिनिटांना किंमत आहे. माझ्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी ‘लोक हसतील’ या भयाने चार दिवस घरात अवाक्षर काढले नाही. पैसा गेलाच, आणि झोपही गेली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाचा व बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार पडू नये. आणि त्याने स्वतःच पिन सांगितला असला, तरी कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे लाजेने गप्प बसण्याची किंमत रोख रकमेत मोजावी लागते. चोरी झालेल्या घराला आपण हसत नाही. मग फसविल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांना का हसावे?

आपल्या महाराष्ट्राला ग्राहकचळवळीची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. त्यानंतर १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आला. जुन्या कायद्यात तक्रार विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले तेथे न्यावी लागे. नव्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगापुढे दाखल करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत मात्र करावी लागते. दूरसंचार सेवेच्या तक्रारी या आयोगांपुढे चालतात की नाही, याविषयी पूर्वी संदिग्धता होती. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने त्या चालतात, असे स्पष्ट केले. आयोगापर्यंत जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळदा काम तेथेच होते.

शेवटी आपल्या मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी दोन तास एक तक्रार-वही उघडी ठेवावी आणि दोन तरुण सभासदांनी तेथे बसून वडीलधाऱ्यांना अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे. एकाच कंपनीविरुद्ध दहा कुटुंबांची तक्रार असेल, तर ती वहीत एकत्र दिसेल आणि एकट्याचे बळ दहांचे होईल. दुसरी सूचना आमच्या नातवंडांना आहे. आजोबांनी काही विचारले की, त्यांच्या हातातून मोबाइल घेऊन झरझर चार कळा दाबून तो परत देऊ नका. त्यात तुमचा वेळ वाचतो. परंतु आजोबा होते तेथेच राहतात आणि पुढच्या वेळी विचारण्यास संकोचतात. पाटी विद्यार्थ्याच्या हातात असल्याखेरीज अक्षर वळत नाही, हे मी शाळेत जन्मभर पाहिले आहे. मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या, बोट त्यांचेच असू द्या, आणि तुम्ही शेजारी बसून सांगा. आणि आम्हां वृद्धांनीही ‘आता या वयात काय शिकायचे’ हे पालुपद सोडून द्यावे.

रक्कम लहान की मोठी, हा प्रश्न गौण आहे. घामाच्या पैशाचा हिशेब मागणे यात क्षुद्रपणा नाही. तो गृहस्थाचा धर्म आहे. आजच घरी गेल्यावर एक वही करावी, तिच्या पहिल्या पानावर १९३० आणि १९१५ हे दोन क्रमांक लिहावेत आणि ती दूरध्वनीजवळ ठेवावी, इतकी विनंती करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!