युद्धनौकेचा वर्ग कोण ठरवतो?



पत्रिकेत विषय छापलाय ‘शस्त्रास्त्रांचे वर्गीकरण’. तोफांचं कॅलिबर, रणगाड्यांची वजनं हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच, की शस्त्राचा वर्ग कारखान्यात ठरत नाही, तो मुत्सद्दी आणि वकील ठरवतात. पहिल्या रांगेतले निवृत्त नौदल अधिकारी आत्ताच मान हलवू लागलेत, तीही आडवी. (हशा)

आपली ‘विक्रमादित्य’च घ्या. कारवारची विमानवाहू नौका. तिची मिग-२९के विमानं गोव्यात दाबोळीला असतात. ही मूळची सोव्हिएत ‘बाकू’, १९८७ साली त्यांच्या नौदलात आली. बांधणी काळ्या समुद्राजवळ, निकोलायेव्हला. तिथून भूमध्य समुद्रात उतरायची वाट एकच, बॉस्फरस आणि दार्दानेल्स, म्हणजे तुर्कस्तानच्या दारातून. १९३६च्या माँत्रो करारानं काळ्या समुद्रावरच्या देशांना मोठ्या युद्धनौका न्यायची सवलत दिली, पण ‘मोठी युद्धनौका’ या व्याख्येतून विमानवाहू नौकांना वगळलं. मग सोव्हिएतांनी ‘बाकू’सारख्या जहाजांची नोंद ‘विमानं वाहणारी जड क्रूझर’ अशी केली. त्यातली पहिली, ‘कीव्ह’, १९७६ साली तिथून गेली. कोणी अडवली नाही!

काय म्हणालात, साहेब? ‘बाकू’च्या पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रांच्या बारा नळ्या होत्या, म्हणून ती क्रूझरच? होत्या ना! भारतानं जहाज घेतलं तेव्हा सेव्हमाश गोदीत त्या उपटल्या, तिथे विमानाला उडवणारा चढ बांधला आणि २०१३ साली ती आपल्याकडे आली. पण मग सोव्हिएतांच्याच ‘कुझनेत्सोव्ह’ या नौकेचं काय? पुढे तसाच चढ, वर सपाट डेक, क्षेपणास्त्रं डेकच्या पोटात. १९९१च्या डिसेंबरात तीही त्याच दारातून बाहेर पडली, क्रूझर म्हणूनच. आता मान उभी हलवायला हरकत नाही. (हशा, टाळ्या)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? कागदावरचा वर्ग फक्त सोव्हिएतांचाच नाही. जपानची ‘इझुमो’ नौका २४८ मीटर लांब, वर सलग डेक, आणि नोंद विनाशिकेची. कारण आक्रमक विमानवाहू नौका आपल्या संविधानात बसत नाही, असं तिथलं सरकारच सांगत आलंय.

आणि वर्ग वकिलांनी ठरवल्याचा आणखी एक नमुना, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा १९८७चा आयएनएफ करार. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याचं क्षेपणास्त्र जमिनीवरून सोडायचं तर अमेरिका आणि सोव्हिएतांना बंदी, जहाजावरून सोडायचं तर मुभा. वर्ग ठरला तो कुठून सोडायचं यावर; स्फोटक कोणतं, याची चौकशीच नाही. २ ऑगस्ट २०१९ला तो करार संपला. १८ ऑगस्टला अमेरिकेनं, इतकी वर्षं जहाजांवरून सुटणारं टॉमाहॉक क्षेपणास्त्र जमिनीवरून उडवून दाखवलं. साहेब, आता तुम्ही बोला. मला अध्यक्ष बोलू देणार नाहीत.