खुलासा की निवाडा?



वसईत बोलायला उभं राहिलेल्या माणसानं चिमाजी अप्पांपासून सुरुवात करावी, असा रिवाज आहे. मी यांगपासून करतो. इतिहासाकडे वळणार आहेच, पण चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्याच्या ६३ वर्षं पुढच्या.

राऊटर-स्विचचं कॉन्फिगरेशन आणि त्यांची चालू स्थिती यांची रचना लिहिण्याची ही भाषा २०१० मध्ये आली, आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या आरएफसी ६०२० या दस्तऐवजातून. २०१६ च्या आरएफसी ७९५० मध्ये तिची १.१ आवृत्ती आहे. तिच्या अकराव्या प्रकरणात प्रसिद्ध झालेल्या मॉड्यूलमध्ये नंतर काय बदलता येतं, ते दिलं आहे. रेंज वाढवता येते, आवळता येत नाही. सक्तीचं लीफ ऐच्छिक करता येतं, उलट नाही. ही कलमं प्रोग्रामकडून बरीचशी तपासून घेता येतात. त्यांच्याच पंगतीत एक कलम असं बसलंय, जे तपासता येत नाही: डिस्क्रिप्शन अधिक स्पष्ट करावं, मात्र अर्थ बदलू नये.

पण मुळात स्पष्ट करायची वेळ येते कधी? समजा, एका काउंटरच्या वर्णनात ‘आलेली पॅकेट्स’ एवढंच लिहिलंय. एका कंपनीनं टाकून दिलेली पॅकेट्सही त्यात मोजली, दुसरीनं वगळली. दोघीही नियमाला धरूनच. आता वाक्य सुधारलं, की त्या दोघींतली एक, कोडची ओळही न बदलता, चुकीची ठरते. याला आपण सभ्यपणे खुलासा म्हणतो. प्रत्यक्षात तो निवाडा असतो.

बंधनकारक शब्दांचंच पाहा. मस्ट, शुड, मे यांचे अर्थ १९९७ च्या आरएफसी २११९ नं ठरवले. पण तेच शब्द बारीक लिपीत आले तर? त्याचा निकाल लागला २०१७ मध्ये, आरएफसी ८१७४ नं: विशेष अर्थ फक्त मोठ्या लिपीतल्यांना. बारीक अक्षरांतला मस्ट पाळण्यासाठी ज्यांनी आधी रात्री जागवल्या, त्यांना कोण काय सांगणार?

याहून अवघड प्रकरण यांगमधल्याच आयपी-अ‍ॅड्रेस या टाइपचं. त्यात पत्त्यापुढे टक्क्याचं चिन्ह देऊन झोनही लिहिता येतो. कित्येक मॉड्यूललेखकांच्या मनात निव्वळ पत्ता होता. त्यांनी सरळ नावाचा टाइप उचलला. झोन नको असणाऱ्यांसाठी ‘नो-झोन’ शेपटीचे टाइप आले २०१३ च्या आरएफसी ६९९१ मध्ये. मग मूळ नावाचाच अर्थ साधा करावा, बहुतेकांना तेच अभिप्रेत होतं, असा विचार पुढे आला. माझा त्याला विरोध आहे. झोनसह लिहिलेला, काल वैध असलेला डेटा उद्या नाकारला जाईल. साधं नाव भलत्या टाइपला गेलं याची हळहळ मलाही आहे, पण ती आता सोसायची.

आता इतिहास. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं ईस्ट इंडिया कंपनीशी जो तह केला, तो या वसईचा. त्यातली कलमं आपल्या धंद्यातल्या माणसानं एकदा वाचावीत. तैनाती फौज सहा हजारांहून कमी नसावी: किमान मर्यादा आहे, कमाल नाही. तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख. इतर सत्तांशी बोलणी करण्यापूर्वी कंपनीला कळवून विचारविनिमय करावा. विचारविनिमय म्हणजे परवानगी? कागदावर तरी नाही. अर्थ लावणारा मात्र एकच पक्ष उरला, आणि पुढचं आपण शाळेत शिकलो.

आपल्याकडे अर्थ लावायला अजून पुष्कळ जण आहेत, आणि त्यात आपणही असायला हवं. आयईटीएफमध्ये सभासदत्व लागत नाही. आरएफसीतली चूक विरार लोकलच्या दारात उभं राहूनही कळवता येते. ती ग्राह्य धरली जाते, फेटाळली जाते किंवा पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवली जाते. इथले कितीतरी जण वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एका नेटवर्कमध्ये नांदवतात. कुठलं उपकरण कुठल्या अर्थानं वागतं, हे मसुदा लिहिणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

म्हणून शब्दबदल सुचवताना जुन्या वाक्याचे दोन्ही अर्थ लिहा. कुठल्या अर्थावर आज काय चालू आहे, ते लिहा. आणि बदलानंतर कोण चुकीचं ठरेल, तेही लिहा. हा शेवटचा रकाना बहुतेक प्रस्तावांत कोरा असतो. दुपारी मसुद्यांवर चर्चा आहे. प्रत्येकाला मी आधी तोच विचारणार आहे.