काळ्या पाषाणाच्या पोटातला उजेड



कोल्हापूरच्या माणसाला दगड म्हटलं की काळाच आठवतो. अंबाबाईचं देऊळ काळ्या पाषाणाचं, खिद्रापूरच्या कोपेश्वराचे ते गुळगुळीत खांबही त्याचेच. हा बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि निवून त्याचा दगड झाला. पन्हाळ्यावर, मसाईच्या पठारावर पायाखाली तांबडा जांभा लागतो, तोही मूळचा याच घरातला. लाखो पावसाळ्यांनी त्यातली सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. राधानगरीकडचं बॉक्साइटही असंच झालं.

पण मला बोलायचंय ते या काळ्या दगडाच्या पोटाबद्दल. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आतून स्फटिक वाढले: क्वार्ट्झ, कॅल्साइट, स्टिल्बाइट, हिरवट अपोफिलाइट. पुणे, नाशिक, जळगावकडचे असे नमुने परदेशातल्या संग्रहालयांत मानानं मांडलेले आहेत.

यांतले काही दगड उजेड देतात. घरी करून बघण्यासारखी गोष्ट सांगतो. ओढ्यातल्या दोन दुधट पांढऱ्या गारगोट्या, म्हणजे क्वार्ट्झच, घ्या. खोलीत मिट्ट काळोख करा, डोळे सरावू द्या, मग गारगोट्या एकमेकींवर जोरानं दाबून घासा. घासल्या जागी, अगदी दगडाच्या आतून, पिवळसर नारिंगी उजेड उमटतो आणि जळल्यासारखा वास येतो. चकमकीची ठिणगी निराळी. तिथं पोलादाचा कण जळतो. इथं जळण्यासारखं काहीच नाही. गारगोट्या पाण्यात बुडवून घासल्या तरी उजेड दिसतो! फक्त कपची उडते, म्हणून मुलांच्या डोळ्यांना चष्मा हवा.

कॅल्साइटची तऱ्हा वेगळी. दुकानात नोटा तपासायला जांभळट दिवा असतो, त्यातले अतिनील किरण पडले की काही कॅल्साइट लालसर किंवा गुलाबी चमकतात. त्यात मिसळलेलं किंचित मँगनीज बहुधा याला कारण असतं. न दिसणारे किरण शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकायचा, हे त्याचं काम. काही तुकडे तर दिवा बंद केल्यावरही क्षणभर तेवत राहतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानं 1852 मध्ये फ्लोराइट या खनिजावरून अतिनील किरणांत चमकण्याच्या गुणाला फ्लोरेसन्स हे नाव दिलं.

मला खरी कळकळ आहे ती ही. सुरुंग उडाला की स्फटिकांच्या असल्या पोकळ्या सगळ्यांत आधी खाणीवरच्या कामगारांना दिसतात, आणि बऱ्याचदा तासाभरात त्या दगडांची खडी होऊन जाते. खाणमालकांनी आणि गावच्या शिक्षकांनी मनावर घेतलं, तर प्रत्येक शाळेत या स्फटिकांचं एक कपाट सहज भरेल. स्फटिक धुताना ब्रश घासू नका, सुईसारखे नाजूक स्फटिक मोडतात. कागदात गुंडाळा आणि सोबत चिठ्ठी ठेवा: गाव कोणतं, खाण कोणती, दगड किती खोलीवर मिळाला, तारीख काय. ही चिठ्ठी हरवली तर अभ्यासकाच्या लेखी त्या दगडाची निम्मी किंमत गेली.